फाशीच्या दिवशीचा पुकारा

“लटकवा त्याला! इथंच, ह्या लिंबाला लटकवा! आमचं पोरगं काय फुकाट गेलं व्हय?”

बाजीराव पाटील सेशन कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहून ओरडत होते. खून झालेल्या रावसाहेबाचे ते सख्खे चुलते. त्यांच्या मागं अख्खं गाव, आणि समोर एकटा मी. त्या आवाजानं लिंबावरचे कावळे उडाले, बार रूममधल्या एका वकिलाचा चहा कोटावर सांडला, आणि शहागंजातल्या घड्याळाचा काटासुद्धा क्षणभर दचकला असावा. पण मी पडलो धंद्याचा माणूस. मी तो आवाज नीट ऐकून घेतला आणि मनात म्हणालो, पाटील, दम आहे, पण घशातून काढताय. बेंबीतून येत नाही. दुपारपर्यंत बसणार.

“ए नाईक,” पाटील माझ्या अंगावर आले, “आत जाऊन सांग तुझ्या साहेबाला. फाशीबिगर आम्ही हलणार न्हाई.”

“सांगतो की. पण पाटील, जरा हळू घ्या. साहेबांच्या कानावर गेलं तर आरोपी भिकाच्या आधी तुमचाच नंबर लागायचा.”

मागचे दोघं-तिघं हसले. पाटलांनी मागं वळून बघितल्यावर त्यांनी तोंडं पाडली. भिंतीशी रावसाहेबाची आई बसली होती, गयाबाई. ती हसलीही नाही आणि ओरडलीही नाही. तिच्यातर्फे ओरडायला दीर होताच.

आता मी कोण, ते सांगतो. मी कोर्टाचा नाईक, म्हणजे बिल्ला लावलेला शिपाई. फायली उचलणं, साहेबांच्या पुढं चालणं, पंखा चालू करणं ही कामं कुणीही करील. माझं खरं काम पुकारा. केस निघाली की दाराबाहेर यायचं आणि पक्षकाराचं नाव तीनदा ओरडायचं. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही तर तो गैरहजर. मग वॉरंट निघो नाहीतर दावा बुडो. म्हणजे कायदा कितीही थोर असला तरी माणसापर्यंत तो पोचतो माझ्या नरड्यातून. हे मी एकदा एका जज्जसाहेबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “बरोबर आहे. जाताना दार लावून घ्या.”

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कोर्टाच्या कागदावरची उर्दू जाऊन मराठी आली. पण ‘हाजिर हो’ काही गेलं नाही. मला हे काम शिकवणारे करीमचाचा निजामाच्या अमलातही पुकारा करायचे. म्हणायचे, “नाम ऐसा लेना बेटा, के आदमी कू लगना माँ बुला री. पुलिस नै.” माझा गळा मात्र जन्मजात. मी देवगाव रंगारीचा. लहानपणी मी ओढ्याच्या काठावरून आमच्या म्हशीला हाक मारली की पलीकडच्या गावच्या म्हशीसुद्धा आमच्या गोठ्यात येऊन उभ्या राहायच्या, आणि वडलांना त्या परत करत हिंडावं लागायचं. कोर्टात लागल्यावर एकदा एका साक्षीदाराला पुकारलं, तर तो शहागंजात केळी घेत होता. केळी तिथंच टाकून धावत आला. खोटं वाटत असेल तर केळीवाल्याला विचारा. तो वारला, पण त्याचं पोरगं गाडी लावतं.

लोकांना मात्र माझ्या गळ्यापेक्षा दुसऱ्याच गळ्यांची उत्सुकता. पुंडलिकनगरात घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी जेवता जेवता पहिला प्रश्न विचारला, “नाईक, फाशी बघितली का हो?” नाही बघितली. आपल्या शहरात फाशीचा खांबच नाही, त्यासाठी पुण्याला नाहीतर नागपूरला न्यावं लागतं. आणि सेशन जज्जानं फाशी सुनावली म्हणून दुसऱ्या दिवशी माणूस लटकतो असंही नाही. ते कागद हायकोर्टात जातात, हायकोर्टानं कायम केली तरच फाशी. मग दिल्लीचं अपील, मग राष्ट्रपतींकडं दयेचा अर्ज. एवढ्या चाळण्या सरकारनं लावल्यात. पण पहिली चाळणी आमच्या कोर्टात, आणि तिची जाळी कशी होती ते मी रोज बघत होतो.

पूर्वी जज्ज एका दमात सांगायचे: तू खुनी आहेस, आणि तुला ही शिक्षा. मग नवा कायदा आला. आता आधी म्हणायचं, तू खुनी आहेस. मग थांबायचं. आणि शिक्षा काय द्यावी ह्यावर त्याला वेगळं ऐकून घ्यायचं, तो माणूस कोण, कुठला, कसा घडला. कायदा सोन्यासारखा. पण मी बघितलं ते असं. एका बागायतदारानं दोन मुडदे पाडले होते. त्याचा वकील मुंबईहून आला, आणि शिक्षेवर नुसतं ऐकणंच दोन दिवस चाललं. त्याला शिकवणारे गुरुजी आले, डॉक्टर आले, गावचे कीर्तनकार आले. ह्यानं लहानपणी मुंगी ओलांडून टाकलेलं पाऊलसुद्धा सगळ्यांना आठवत होतं. मला तर वाटलं आता मुंगीलाही पुकारायला सांगतात. जन्मठेप झाली. ठीक झालं, माझी तक्रार नाही. पण त्याच्या मागोमाग दुसऱ्या एका गड्याची वेळ आली, तेव्हा सरकारी खर्चानं नेमलेला वकील उठला, “आरोपी गरीब आहे, दया व्हावी,” एवढं म्हणाला आणि बसला. मला खोकला आला होता, तो काढून होईपर्यंत एका माणसाचं सगळं आयुष्य ऐकून झालं होतं.

भिकाचंही तेच होणार, अशी चिन्हं होती. भिका हा पाटलांच्या घरचा सालगडी. म्हणजे पाडव्याला ठरायचं नि पुढच्या पाडव्यापर्यंत त्याच घरी राबायचं, मधे सोडून जायचं नाही. त्यानं मालकाला, रावसाहेबाला, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यापाशी, निजलेला असताना कुऱ्हाडीनं तोडला. पुरावा पक्का. भिकानं सगळ्या खटल्यात तोंडातून शब्द काढला नव्हता. काही विचारलं की पायाच्या अंगठ्याकडं बघायचा. त्याचं नातेवाईक म्हणून कुणी कधी आलं नाही. आदल्या दिवशी साहेबांनी गुन्हा शाबीत धरला आणि शिक्षेवर ऐकायला दुसरा दिवस ठेवला. तेवढ्यावर बार रूमनं फाशी ठरवूनही टाकली. खाल्ल्या घरात, निजलेल्या माणसाला, कुऱ्हाडीनं. आणखी काय पाहिजे?

आमचे शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाच्या कागदांचे मालक, हबकले ते वेगळ्याच कारणानं. फाशीवर सही केली की जज्ज त्या पेनाची नीब मोडतात, अशी चाल आहे. कायद्यात कुठं नाही, पण चाल आहे. आणि आमचे साहेब लिहायचे बॉलपेननं! “बॉलपेनचं काय मोडणार, नाईक?” शिरस्तेदार रडकुंडीला आले. “जा, शहागंजात जाऊन एक शाईचं पेन आणा.”

सकाळी सकाळी मी गफूरभाईच्या दुकानात गेलो. कागद, दौती, पेनं. आमची जुनी ओळख.

“क्या नाईकसाब, शाई का पेन? साब की बिदाई है क्या?”

“साहेबांची नाही, दुसऱ्याची आहे,” मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

गफूरभाईनं काउंटरवर काढून ठेवलेली पेनं एकेक करून परत डब्यात भरली. “नक्को.”

“नक्को म्हणजे? पैसे रोख देतो की.”

“मेरे यहाँ से बच्चे इम्तिहान कू पेन ले जातें. उसके बाजू में ये पेन नै बेचता मैं. दूसरी दुकान देखो.”

“अहो गफूरभाई, पेन काय करणार? फाशी कायदा देतो.”

“हौ. तो कायदे कू बोलो, पेन भी लेके आ.”

मी रिकाम्या हातानं परत आलो आणि शिरस्तेदारांना ठोकून दिलं की शहागंजात शाईच्या पेनांचा दुष्काळ पडलाय. त्यांचा विश्वास बसला. माझ्यावर विश्वास बसतो, हा माझा जुना गुण आहे.

खरं सांगायचं तर साहेबांची हालत आमच्यापेक्षा वाईट होती. तोवर त्यांनी कधी फाशी दिली नव्हती. घरून डबा यायचा तो मीच उघडायचो आणि मीच बंद करायचो. त्या आठवड्यात डबा जसा आला तसाच परत जात होता. वांग्याची भाजी, मेथी, एकदा तर पुरणाची पोळी. कशालाच हात नाही. बाईसाहेबांनी मला विचारायला माणूस पाठवला, की साहेब बाहेर काही खातात का? आता काय सांगणार? साहेब एका माणसाच्या जिवाचा घास तोंडात धरून बसले होते. तो गिळवत नव्हता आणि थुंकवत नव्हता.

तर असा तो दिवस. कोर्ट खचाखच भरलं. भिका पिंजऱ्यात उभा. साहेब आसनावर बसले आणि म्हणाले, “आरोपीला शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे?”

भिकानं अंगठ्याकडं बघितलं.

त्याचा वकील उठला. पोरगेलासा, कोटाच्या बाह्या लांब. “आरोपी तरुण आहे, गरीब आहे. दया व्हावी.” आणि बसायला लागला.

“थांबा,” साहेब म्हणाले. “ह्याचं कुणी आहे का? आईबाप, भाऊ, सोयरा?”

“माझ्या माहितीप्रमाणे नाही, साहेब.”

“माहिती काढलीत?”

वकील अर्धवट बसलेला तसाच राहिला. खाली टेकला नाही नि उभाही राहिला नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्याकडं बघितलं. “नाईक, बाहेर पुकारा करा. आरोपीच्या बाजूचं कुणी आलं असेल तर आत पाठवा.”

असा पुकारा मी जन्मात केला नव्हता. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, पंच, सगळ्यांना हाका मारल्या. पण आरोपीचं कुणी आहे का, असं मला कुणी कधी ओरडायलाच सांगितलं नव्हतं. मी दारात आलो, छाती भरून घेतली, बेंबीपासून आवाज उचलला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं जिभेवर जे पहिलं आलं तेच बाहेर पडलं:

“फिर्यादी गयाबाई भ्रतार किसनराव, हाजिर हो!”

आता हे चुकलं. पुकाऱ्याची रीत अशी की केस निघाली की पहिलं नाव फिर्यादीचं. खुनाची खबर पोलिसांत गयाबाईनं दिलेली, म्हणून फिर्यादी तीच. तोंडाला वळण तेच पडलेलं. बोलावायचं होतं मारणाऱ्याच्या माणसाला, आणि मी बोलावलं मेलेल्याच्या आईला! पुढं बार रूममध्ये ह्यावर लई चर्चा झाली, की नाईकाची जीभ घसरली का नाईकानं मुद्दाम घसरवली. आदल्या दिवशी व्हरांड्यात गयाबाई भिकाबरोबरच्या पोलिसाला हळूच विचारत होती, “त्यानं भाकर खाल्ली का?” हे मी ऐकलं होतं, एवढं खरं. त्याचा नि पुकाऱ्याचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी कोर्टाचा माणूस. शपथ दिल्याशिवाय जबाब देत नाही.

पहिल्याच हाकेला गयाबाई उठली. मागून बाजीराव पाटीलही घुसले. “साहेब, बाई अडाणी हाय. तिचं मी सांगतो. फाशीच पायजे!”

“तुम्ही बसा,” साहेब म्हणाले. मग माझ्याकडं वळले, आवाज थंड. “नाईक, मी आरोपीच्या बाजूच्या माणसाला बोलवायला सांगितलं होतं.”

नोकरी गेली, असं समजून मी बिल्ल्याला हात लावला. तेवढ्यात गयाबाई बोलली.

“मग मीच की त्याच्या बाजूची. त्याचं दुसरं कोण हाय? त्याला मी वाढवलाय.”

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले, पण त्यांना वाटलं असावं, मेलेल्याची आई फाशी सोडून दुसरं काय मागणार? ते बसले. साहेबांनी तिला साक्षीदाराच्या जागी उभी केली, शपथ दिली आणि म्हणाले, “सांगा, बाई. हा कोण?”

“भिका. त्याची माय आमच्या वावरात खुरपायला होती. ती गेली तवा हा एवढासा.” तिनं हात गुडघ्याजवळ नेला. “माझ्या रावसाहेबाच्या बरोबरीचा. दोघांला एका ताटात घालायची मी. मग रावसाहेब मालक झाला नि हा गडी झाला.”

“पुढं?”

“पुढं काय. माझं लेकरू हातानं वाईट होतं, साहेब. दीर म्हणतील न्हाई म्हणून, पण व्हतं. बैल मेला तर ह्याला बैलाच्या दाव्यानं बांधलं, दिवसभर उन्हात. पाणी द्यायला मी गेले तर मला म्हणाला, माघारी फिर. मी फिरले. मग एक दिस भिका मला म्हणाला, माय, मला आता सोडा, माझं डोकं ठिकाणावर न्हाई. मी म्हणलं, पाडव्यापर्यंत कळ काढ. साल मोडलं तर गाव नाव ठेवतं.” ती थांबली. “पाडवा लांब होता.”

भिकानं अंगठ्यावरची नजर उचलली. सगळ्या खटल्यात पहिल्यांदा.

“वहिनी!” बाजीराव पाटील ओरडले. आवाज फाटला होता. म्हटलं नव्हतं का, घशातून काढतात म्हणून?

सरकारी वकील आता मात्र ताडकन उठले. “बाई, ह्यानं तुमच्या पोटच्या मुलाला कुऱ्हाडीनं मारलं! कळतंय का तुम्हाला, तुम्ही काय बोलताय?”

“मला कळत न्हाई व्हय?” गयाबाई म्हणाली. “त्याला शेवटची आंघोळ कुणी घातली? तुम्ही?”

सरकारी वकील फायलीत बघायला लागले. मी बघितलं, फाईल उलटी होती.

साहेबांनी विचारलं, “तुमचं म्हणणं काय आहे? ह्याला काय शिक्षा व्हावी?”

“कोंडा त्याला. त्यानं केलंय, त्यानं भोगावं. माझ्या डोळ्यांपुढं तो नगं. पण त्याचं कुणी न्हाई, असं ते वकीलसाहेब म्हणले, ते खोटं हाय. तेवढं लिहा.”

साहेबांनी ते लिहिलं. बॉलपेननं. मग भिकाच्या वकिलालाही कंठ फुटला. दाव्याचे वळ, पोलिसांनी केलेल्या तपासणीत नोंदलेले जुने डाग, गावातला एकही माणूस ह्याबद्दल का बोलला नाही, असं एकामागून एक सुचायला लागलं त्याला. चांगलं बोलला. कोटाच्या बाह्याही लांब वाटेनात.

दुपारी साहेबांनी निकाल दिला. गुन्हा भयंकर आहे. पण फाशी ही दुर्मिळातल्या दुर्मिळ खटल्यासाठी, आणि हा माणूस कसा इथवर आला हे कळल्यावर हा खटला त्यात बसत नाही. जन्मठेप.

त्या वेळी कोर्टातून जो श्वास सुटला त्यानं, खोटं सांगत नाही, टेबलावरचे कागद उडाले आणि शिरस्तेदार ते धरायला धावले. लघुलेखक बाई डोळे पुसत टायपिंग करत होत्या. भिकाबरोबरचा पोलीस त्याला म्हणाला, “चल रे, जेवणाची वेळ टळायची.” खुद्द बाजीराव पाटलांची माणसं, सकाळी दोर मागणारी, बाहेर येऊन पान लावत बसली होती. कुणालाच फाशी बघायची नव्हती, असं मला त्या दिवशी वाटलं. फक्त मागायची होती. पाटील तेवढे लिंबाखाली एकटेच बसले. आवाज पार गेला होता. त्यांचाही पुतण्याच मेला होता, हे मी विसरत नाही.

साहेबांच्या खोलीत डबा उघडला. साहेबांनी पिठलं-भाकरी खाल्ली, ठेचा खाल्ला, डब्याच्या झाकणातला कांदा खाल्ला आणि विचारलं, “एवढंच आहे?” माझ्या डब्यातली अर्धी पोळी मी त्यांना दिली. तेव्हा ते खाली बघत म्हणाले, “नाईक, तुमचा पुकारा चुकला.”

“व्हय साहेब.”

“पुन्हा चुकू देऊ नका. पण शिक्षेवर ऐकायचं असेल त्या दिवशी मला आठवण करा, आरोपीच्या माणसांचा पुकारा करायचा म्हणून.”

ते होते तोवर तो पुकारा आम्ही केला. कधी म्हातारी आई यायची, कधी शाळेचा शिपाई, कधी बोळवण केलेली बायको. पुष्कळदा तीन हाका मारून कुणीच यायचं नाही. पण हाक तरी गेली. साहेबांची बदली झाली, नवे साहेब म्हणाले असलं काही नियमात नाही, आणि पुकारा बंद पडला. ह्याचं मला अजून वाईट वाटतं. आणि त्या साहेबांच्या आधीची माणसं आठवतात, ज्यांची सगळी हकिकत एका खोकल्यात ऐकून झाली. त्यांचंही व्हरांड्यात कुणी बसलेलं असेल. मी तर दारातच उभा होतो, गळा तयार होता. हाक मारायला कुणी सांगितलं नाही.

पण त्या दिवशी मी हवेत होतो. संध्याकाळी गयाबाई फाटकाकडं निघालेली दिसली, एकटीच. दीर नि गाववाले तिच्याआधी निघून गेले होते, तिला न घेता. मी धावत गाठलं.

“मावशी,” मी म्हणालो, “तुम्ही आज एका माणसाचा जीव वाचवला बघा.”

तिनं माझ्याकडं बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली,

“हाक मारली, आले. इचारलं, सांगितलं. कन्नडची यष्टी कुठून सुटती?”